२४९ ग्रॅमचा ड्रोन: बेळगाव ते जर्मनी, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. हौसेसाठी ड्रोन घ्यायचा असेल आणि कधीतरी परदेशी न्यायचा विचार असेल, तर २५० ग्रॅमच्या आतलाच घ्या. पण ‘२५० च्या आत म्हणजे कसलाच नियम नाही’ असं जो विक्रेता सांगेल, त्याच्याकडून फक्त ड्रोन घ्या, सल्ला घेऊ नका. कमी वजनामुळे बऱ्याच ठिकाणी ड्रोन उडवणाऱ्याला द्यावी लागणारी परीक्षा वाचते. नोंदणी वाचेलच असं नाही. आणि कुठे उडवायचा, याचे नियम तर वजनाकडे बघतच नाहीत म्हटलं तरी चालेल.

माझा ड्रोन घडी घातला की जॅकेटच्या खिशात मावतो. चिनी बनावटीचा, सेकंडहँड. शहापुरात लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका मित्राने मोठा घेतला, तेव्हा हा मी उचलला. सेकंडहँड घ्यायचं कारण सरळ आहे: ९ फेब्रुवारी २०२२ पासून आपल्याकडे तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. नोंदणी क्रमांक मित्राच्या नावावरून माझ्या नावावर झाला, मगच पैसे दिले. सेकंडहँड घेणाऱ्यांनी एवढं नक्की करा, नाहीतर उद्या काही झालं तर कागदावर मालक भलताच.

यंत्राबद्दल थोडक्यात. सकाळच्या उन्हात चित्र झकास येतं. येळ्ळूरच्या शिवारातली भातखाचरं पाणी भरलेली असताना वरून जी दिसतात, त्यासाठीच पैसे वसूल झाले असं वाटतं. वाऱ्यात मात्र हा गडी कच्चा. राजहंसगडाच्या तटावरून सोडला की पतंगासारखा तिरका होतो, आणि येताना समोरून वारा असला तर बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. खोक्यावर अर्ध्या तासाच्या वर उड्डाण लिहिलंय. वीस मिनिटांत उतरवायचा असं धरूनच चालावं. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तो पेटीतच पडून असतो, याला पाणी चालत नाही.

आता वजन. खोक्यावर लिहिलेलं वजन आणि प्रत्यक्ष उडणाऱ्या ड्रोनचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायदा मोजतो ते उड्डाणाच्या वेळचं वजन, अंगावर जे जे चढवलंय त्यासकट. मी आमच्या ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवला. नुसता ड्रोन, बॅटरी आणि मेमरी कार्डासह, २४७ आणि काही पॉइंट. वर पंख्यांचे गार्ड लावले की अडीचशे पार. ‘सोनं म्हणून मोडायचा असेल तर सांगा,’ म्हणत सोनाराने परत दिला. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. युरोपात रात्री उडवायचा तर १ जुलै २०२२ पासून लुकलुकता हिरवा दिवा सक्तीचा आहे. वेगळा मिळणारा दिवा आठ-दहा ग्रॅमचा असतो. म्हणजे अंधार पडला, दिवा चिकटवला, की माझा जुना, युरोपातल्या नव्या ड्रोनवर असतो तो वर्गाचा शिक्का नसलेला ड्रोन एकदम वरच्या गटात: आधी ऑनलाइन परीक्षा, आणि वस्तीपासून दीडशे मीटर लांब. मी तिथे सूर्य मावळायच्या आत उतरवायचो.

घरचे नियम आधी, कारण अर्धा गोंधळ इथलाच आहे. २५ ऑगस्ट २०२१ ला आलेल्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’. त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलच्या मान्यतेचं प्रमाणपत्र, नको, वैमानिकाचं प्रमाणपत्र नको. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगीही नको. वाचायला छान. पण बेळगावकराने तो नकाशा उघडून बघावा. सांबऱ्याला विमानतळ, तिथेच हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र, शहराच्या पोटात कॅम्प आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवं फक्त २०० फुटांपर्यंत, त्याच्या आत आलात की परवानगी किंवा सरळ मनाई. लष्करी हद्द तर विचारूच नका. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जुनं जैन मंदिर, वरून बघायची माझी इच्छा इच्छाच राहणार, आणि ते बरोबरच आहे.

यात आणखी एक गोष्ट, जी आमच्या शहराला जास्त लागू पडते. राज्य सरकार किंवा पोलीस एखाद्या भागाला ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल, म्हणजे उड्डाणाला मनाईचा, भाग जाहीर करू शकतात. डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, १ नोव्हेंबरला सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस आणि कर्नाटकचा राज्योत्सव एकाच दिवशी; अशा दिवसांत कालचा हिरवा नकाशा आज धरून चालू नये. मी त्या काळात ड्रोन घराबाहेर काढत नाही. कोण वाद घालत बसणार?

सीमा ओलांडून चंदगडला किंवा आंबोलीला गेलात तर विमान उड्डाणाचा कायदा तोच राहतो, कारण तो केंद्राचा. बदलतं ते खातं आणि समोरचा माणूस. खानापूरकडे भीमगड अभयारण्य आहे, बारापेडे गुहेतल्या दुर्मिळ वटवाघळांचं घर. तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय ड्रोनचं नावही काढू नये. राजहंसगडाच्या पायथ्याशी एकदा एका हवालदारांनी कानडीत विचारलं, ‘पर्मिशन ऐतेन्री?’ म्हणजे परवानगी आहे का? मी नकाशा दाखवला, नोंदणीची प्रिंट दाखवली. त्यांनी दोन्हीचे फोटो साहेबांना पाठवले आणि उत्तर येईपर्यंत आम्ही दोघं उसाच्या दरावर बोललो. तेव्हापासून कानडीत टाइप केलेला एक कागद सोबत ठेवतो: ड्रोनचं वजन, नोंदणी क्रमांक, नियमाचा हवाला, माझा फोन. शेतकऱ्यांचा प्रश्न वेगळाच असतो. ‘एकराला किती घेतोस रं औषध मारायला?’ फवारणीचे ड्रोन आता गावोगाव फिरतात, त्यामुळे हाही तसलाच असणार असं त्यांना वाटतं. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात रात्रीच्या ड्रोनवरून जी घबराट पसरली होती, ती ध्यानात धरून मी दिवसाउजेडीच, आणि आधी वस्तीवर सांगून उडवतो.

परदेशी निघताना दोन कामं. बॅटऱ्या केबिन बॅगेतच, प्रत्येकीच्या टोकांवर चिकटपट्टी. या छोट्या बॅटऱ्या वीस वॉट-तासांच्या आतल्या, मर्यादा १०० ची, त्यामुळे चिंता नाही. दुसरं, मुंबईला चेक-इनच्या आधी कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट. साहेबांनी ड्रोन उलटा करून पोटावरचा सिरियल नंबर स्वतः वाचून लिहिला, कंट्रोलरचाही. परत येताना हाच कागद सांगतो की वस्तू इथूनच गेली होती. आयातबंदी असताना हा कागद नसेल तर हुज्जत घालून उपयोग नाही.

दादा-वहिनी स्टुटगार्टला असतात, म्हणून युरोपातला माझा पहिला देश जर्मनी. बाहेरून येणाऱ्याने ज्या देशात पहिल्यांदा उडवायचं तिथेच नोंदणी करायची, असा तिथला नियम. २५० च्या आतला असला तरी कॅमेरा आहे म्हटल्यावर चालकाची नोंदणी हवीच; तिथे ड्रोनची नव्हे, माणसाची नोंदणी होते. फी २० युरो. मिळालेला क्रमांक ड्रोनवर चिकटवायचा, आणि तो सगळ्या युरोपीय संघात चालतो. स्वित्झर्लंडनेही १ जानेवारी २०२३ पासून हेच नियम घेतले आहेत. उंची १२० मीटर, ड्रोन नजरेसमोर. इथवर सोपं. शिवाय जर्मनीत वजन कितीही असो, दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा. दादाच्या विम्यावर विसंबून न राहता मी स्वतःच्या नावाने वेगळा काढला.

खरी परीक्षा नकाशाची. ‘डिपुल’ नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे, त्यावर एकेक थर चालू करत जायचं. नेकार नदीकाठच्या द्राक्षमळ्यांचं चित्रण करायचं माझ्या मनात होतं. पहिला थर: नेकार हा केंद्रीय जलमार्ग, दोन्ही बाजूंना १०० मीटर वर्ज्य. दुसरा: काठाने रेल्वे, तिचे १०० मीटर. तिसरा: राहती घरं, मालकाच्या संमतीशिवाय कॅमेऱ्यासह वरून जाता येत नाही. चौथा: वरच्या अंगाला निसर्ग संरक्षित क्षेत्र. सगळे थर लावून झाल्यावर मळ्याचा जो तुकडा उरला, तो आमच्या गल्लीपेक्षा फार मोठा नसेल. तिथूनच उडवला, आणि चांगला उडवला. कुत्र्याला फिरवायला आलेले एक आजोबा थांबले. परवानगीचं काही विचारलं नाही. म्हणाले, विमा आहे ना? मोबाइलवर दाखवला. मान हलवून गेले.

क्रमांक युरोपभर एकच असला तरी नकाशा प्रत्येक देशाचा आपला. फ्रान्समध्ये वस्तीतल्या सार्वजनिक जागेवर हौशी उड्डाण बंद, पॅरिसचं तर नावच नको. तिथे मी पेटी उघडलीच नाही.

ब्रिटनचं सगळंच निराळं. युरोपचा क्रमांक तिथे शून्य. तिथे १ जानेवारी २०२६ पासून रेषा १०० ग्रॅमवर आली आहे, त्यामुळे २४९ चा तोरा संपला. उडवणाऱ्याची फ्लायर आयडी, तिच्यासाठी ४० प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा, ३० बरोबर आले की पास; आणि कॅमेरा असेल तर वेगळी ऑपरेटर आयडी, ती दरवर्षी पैसे भरून. परीक्षा मला आवडली, खरं सांगतो. प्रश्न पाठांतराचे नाहीत, प्रसंग देऊन विचारतात. लंडनच्या रॉयल पार्क्समध्ये उडवायला बंदी आहे, हायड पार्क त्यातच येतो. जपानची रेषाही १०० ग्रॅमवरच, २० जून २०२२ पासून.

जिथे मी गेलो नाही त्यांच्याबद्दल दोनच ओळी. अमेरिकेत हौशी माणसाला २५० च्या आत नोंदणी लागत नाही, पण ‘ट्रस्ट’ ही फुकटची छोटी चाचणी द्यावी लागते, आणि राष्ट्रीय उद्यानं बंद. मोरोक्को आणि इजिप्तला मात्र ड्रोन घरी ठेवूनच जा; सामानात सापडला तर कस्टम्स काढून घेतं, आणि इजिप्तमध्ये प्रकरण गुन्ह्यापर्यंत जाऊ शकतं.

ड्रोनच्या अ‍ॅपवर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी: बंदीच्या जागी ड्रोन आपोआप अडवणारी सोय डीजेआय या चिनी ड्रोन कंपनीने युरोपात २०२४ पासून आणि अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये काढून नुसता इशारा ठेवला. म्हणजे ड्रोन उडाला म्हणून परवानगी आहे असं होत नाही. नकाशा सरकारीच बघा, आणि उडवायच्या दिवशी सकाळी बघा.

तिथून नवा ड्रोन आणायचा मोह दादाने बराच घातला, किंमतही बरी होती. नको म्हटलं. बंदी येणाऱ्याच्या सामानालाही सोडत नाही, आणि कस्टम्सच्या जाहीरनाम्यात ड्रोनचा वेगळा रकाना आहे. सुट्या भागांच्या आयातीवर मात्र बंदी नाही, त्यामुळे पंखे आणि बॅटऱ्या बदलत हाच चालवणार. एक बॅटरी आता किंचित फुगायला लागली आहे. तसली विमानात न्यायची नसते, म्हणून तिच्यावर लाल पट्टी मारून वेगळी ठेवली आहे. बदली मागवली आहे.