बदकाच्या पिल्लाचे पाय आणि बीकोसूल्सची पट्टी

दहा-बारा दिवसांचे बदकाचे पिल्लू चार पावले टाकते आणि मटकन बसते. उठवले की लडखडते, पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे वाकलेले दिसतात आणि खाण्याच्या भांड्याकडे ते घोट्यांवर सरकत जाते. (आपण ज्याला पिल्लाचा गुडघा म्हणतो तो खरे तर घोटा. सूज तिथेच आधी दिसते.) अशा वेळी पेट-शॉपमध्ये बहुतेकदा ए, डी3, ई आणि बी12 असलेल्या थेंबांची बाटली हातात ठेवतात. बाटली चांगली असते, पण या दुखण्याची नसते. या पिल्लाला हवे असते बी3, म्हणजे नायसिन, आणि ते त्या बाटलीत नसते.

आम्ही इथे घरगुती वापरासाठी मिळणारे पर्याय तोलले आहेत. पहिला क्रमांक निःसंशय मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बीकोसूल्स कॅप्सूलचा. हे माणसांचे औषध आहे, पण एका कॅप्सूलमध्ये 100 मिलिग्रॅम नायसिनामाइड असते आणि नेमका हाच आकडा आपल्याला हवा असतो. नायसिनामाइड हे नायसिनचेच एक रूप; नायसिनामाइड आणि निकोटिनामाइड ही एकाच पदार्थाची दोन नावे. दुसऱ्या कंपनीची बी-कॉम्प्लेक्स गोळी घेतली तरी चालेल, फक्त मागची ओळ वाचा. काहींत हे प्रमाण निम्म्याहून कमी असते, त्या हिशेबाने मात्रा बदलावी लागते.

एवढी गरज का, हे समजून घेतले तर मात्रा चुकत नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या 1994 च्या तक्त्यात लेगहॉर्न या अंड्यांच्या कोंबडीच्या पिल्लाला किलोभर खाद्यामागे 27 मिलिग्रॅम नायसिन धरले आहे, ब्रॉयलरला 35 आणि बदकाला 55. कोंबडी ट्रिप्टोफॅन या प्रथिनांतल्या घटकापासून थोडेफार नायसिन स्वतः बनवते, बदकाला ते फारसे जमत नाही. त्यात पेकिन जातीचे पिल्लू सात आठवड्यांत अडीच-तीन किलोचे होते, म्हणजे हाडांवरचा भार रोज वाढतो. आपल्याकडे घरी दिले जाते ते मक्याचा भरडा, तांदळाची कणी, पोळीचे तुकडे, पाव. मक्यात नायसिन असते, पण बरेचसे अशा रूपात बांधलेले की पिल्लाच्या पोटात ते सुटतच नाही. पोट भरते, पाय मात्र वाकतात.

वापरायची रीत अशी. कॅप्सूल कोरड्या कागदावर उघडा आणि पूड सुरीच्या टोकाने चार सारख्या ढिगांत वाटा. एक ढीग पाऊण लिटर पाण्यात ढवळला की लिटरला साधारण 33 मिलिग्रॅम होते, ही निरोगी पिल्लाची रोजची मात्रा. दीडशे ग्रॅमचे पिल्लू दिवसाला तीसेक ग्रॅम खाते असे धरले तर त्याची गरज पावणेदोन मिलिग्रॅमच्या आत आहे. शंभर मिलिलिटर पाणी पोटात गेले तरी त्याला तीन मिळतात, सांडलवंडीला जागा उरते. पाय वाकू लागले असतील तर पहिले सात दिवस दोन ढीग घाला. पाणी पिवळसर होते, तळाला थोडा पांढरा गाळ बसतो. पिवळा रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी2 चा आहे, घाबरू नका. उन्हात ते खराब होते, म्हणून भांडे सावलीत ठेवा आणि पाणी रोज बदला. वीस कॅप्सूलची एक पट्टी दोन पिल्लांना, पहिल्या आठवड्यातली दुप्पट मात्रा धरूनही, दहा आठवडे पुरते. पिल्लांना तेवढे दिवसच द्यायचे असते.

दोन चुका वारंवार होतात. पहिली भांड्याची. चोच आणि नाकपुड्या बुडतील इतके खोल पण अंग शिरणार नाही इतके अरुंद भांडे हवे, नाहीतर औषधाचे पाणी अंघोळीत संपते. साधे पाणी शेजारी ठेवले तर पिल्लू तेच पिते, तेव्हा पिण्यासाठी एकच भांडे ठेवा. दुसरी चूक केमिस्टकडे नुसते ‘नायसिन’ मागण्याची. कोलेस्टेरॉलसाठी हळूहळू सुटणाऱ्या निकोटिनिक ॲसिडच्या 375 किंवा 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या येतात, त्या हाती पडू शकतात. त्या नकोत. सिरपही नको. त्यात साखर असते आणि नायसिनामाइड कमी.

ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवायच्या यीस्टची वाळवलेली पूड) दुसऱ्या क्रमांकावर, आणि पाय सरळ असताना रोजच्या खाद्यात घालायला तर उत्तमच. किलोभर खाद्याला 50 ते 100 ग्रॅम. कोरड्या खाद्यात ही पूड तळाशी जाते आणि पिल्लू वरचेच दाणे टिपते, म्हणून खाद्य हाताला जेमतेम दमट लागेल इतके पाणी शिंपडून चोळा आणि दोन-तीन तासांत संपेल एवढेच कालवा. तक्रार एकच: नायसिनचा आकडा डब्या-डब्यागणिक बदलतो आणि काहींवर छापलेलाच नसतो. पाव फुगवायचे यीस्ट हा वेगळा जिवंत माल आहे, ते वापरू नये.

शेंगदाण्याची पेंड सुचवली जाते, कारण शेंगदाण्यात नायसिन भरपूर. आम्ही ती पिल्लांपासून दूर ठेवायला सांगू. 1960 साली इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की मेले, बदकांची पिल्लेही दगावली आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध लागला. बदकाचे पिल्लू या विषाला इतके नाजूक की पुढे विष तपासायला तेच वापरले गेले. पावसाळ्यात घरात पडून राहिलेली पेंड कशी असेल, हे बाहेरून कळत नाही.

डी3 च्या थेंबांची जागाही सांगायला हवी. चोच रबरासारखी वाकत असेल आणि पिल्लू बंद खोलीत वाढले असेल तर ते मुडदुसाचे लक्षण आहे, तिथे डी3 आणि कॅल्शियम लागते. पण तेही मापात, कारण नायसिनचे जास्तीचे शरीराबाहेर जाते, डी3 साठत राहते. बोटे आत मुठीसारखी वळली असतील तर कमतरता बी2 ची, आणि ते बीकोसूल्समध्ये आहेच. पाय दोन्ही बाजूंना फाकत असतील तर आधी खालचा वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद काढा आणि रबरी मॅट किंवा गोणपाट घाला.

लवकर सुरू केले तर दोन-तीन दिवसांत पिल्लू जास्त वेळ उभे राहू लागते. रोज दहा मिनिटे कोमट पाण्यात, हाताखाली, पोहू द्या. पायांवर भार न येता ते हलतात. नंतर पूर्ण कोरडे करून उबेत ठेवा. चार दिवसांत फरक नसेल, किंवा घोटा सुजून पंजा एका बाजूला फिरला असेल, तर घोट्यामागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) खोबणीतून सरकलेली असू शकते. ती कोणत्याही कॅप्सूलने जागेवर येत नाही. त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. आणि पिल्लू मान मागे टाकून पाय झाडत असेल तर तो विषाणूजन्य यकृतदाह (लिव्हरचा आजार) असू शकतो, काही तासांचा प्रश्न असतो, तेव्हा आधी बाकीची पिल्ले वेगळी करा.