एक खरीप, अर्धा उन्हाळा आणि खिशातला कॅमेरा: रोजचं सेटिंग काय ठेवावं

दुरुस्तीहून कॅमेरा परत आला. लेन्स सुरळीत आत-बाहेर होते आहे, पण आतलं सगळं सेटिंग पुसलं गेलंय. तारीख कोरी, फ्लॅश ऑटोवर, डिजिटल झूम चालू, मोड हिरवा ऑटो. लेन्सच्या कामाचे कॅमेऱ्याच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त पैसे घेतले आणि रिसेट होईल एवढं एक वाक्य पावतीवर लिहायला सर्व्हिस सेंटरला जमलं नाही, याचा राग आहे. आता सगळं पुन्हा लावायचंच आहे, तर दहा महिन्यांच्या वापरात काय टिकलं आणि कशाबद्दल मत बदललं ते लिहून ठेवतो. कॅमेरा नेहमीचाच आहे: १/२.३ इंची सेन्सर, २० मेगापिक्सेल, ८ पट झूम. या आकाराच्या बहुतेक कॅमेऱ्यांत मेन्यूतली नावं थोडी वेगळी असतात, काम तेच असतं.

पहिलं काम म्हणजे हिरवा ऑटो सोडून पी मोडवर जायचं. पीमध्येही शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) आणि लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर कॅमेराच ठरवतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. फरक एवढाच की पीमध्ये ईव्ही, म्हणजे फोटो किती उजळ किंवा अंधारा करायचा तो आकडा, आपल्या हातात येतो आणि हिरव्या ऑटोत तो पर्यायच दिसत नाही. आपल्या विदर्भात ईव्हीशिवाय हा कॅमेरा निम्मं काम चुकवतो, असं माझं ठाम मत आहे.

कारण कापूस. कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या दृश्याची सरासरी काढतो आणि ती सरासरी मधल्या करड्या रंगाची, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणाऱ्या पृष्ठभागासारखी असणार असं धरून चालतो. समोर फुटलेली पऱ्हाटी किंवा कापसाने भरलेली बंडी (बैलगाडी) असली की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो अंधारा करतो. पांढराशुभ्र कापूस पावसात भिजल्यासारखा मळकट दिसतो. व्यापाऱ्याला मोबाइलवर फोटो दाखवून भाव विचारायचा असेल तर हा मळकटपणा नुकसानीचा आहे. काळ्या जमिनीत उलटं होतं. नांगरलेलं ओलं वावर चौकटभर घेतलं की मीटर उजेड वाढवतो आणि काळी माती मुरमासारखी फिक्की दिसते.

एकच फुटलेलं बोंड सकाळी नऊच्या उन्हात, तीन ईव्हीवर काढून पाहा. शून्यावर कापूस राखाडी येतो, मागची पानं जवळजवळ काळी. अधिक २/३ वर कापूस पांढरा होतो, बोंडातल्या फोडी वेगवेगळ्या दिसतात, धाग्यांचा केसाळपणा दिसतो, वाळलेल्या कवचाची तपकिरी कडाही टिकते. अधिक १ १/३ वर पांढरा भाग सपाट होतो, फोडींमधल्या रेषा नाहीशा होतात, चुन्याचा गोळा ठेवल्यासारखं दिसतं. एकदा सपाट झालेला पांढरा भाग नंतर कुठल्याही अ‍ॅपने परत येत नाही, कारण जेपीईजीत तिथली माहितीच उरलेली नसते. म्हणून कापसाला अधिक २/३, बंडी किंवा गंजी चौकटभर असेल तर फार तर अधिक १. ओल्या काळ्या वावराला उणे २/३. अर्धं आभाळ, अर्धं पीक असेल तर शून्यच. फोटो पाहताना माहितीचा डिस्प्ले लावला की जास्त उजळ झालेला भाग लुकलुकतो. लुकलुकणं कापसाच्या एखाद्या टोकावर असेल तर चालेल, अर्ध्या बोंडावर पसरलं असेल तर एक पायरी खाली या.

आणि या कॅमेऱ्याची सगळ्यात मोठी चूक इथेच आहे. ईव्हीला स्वतंत्र बटण नाही. फंक्शनचं बटण दाबा, खाली सरका, अधिक-उणेच्या खुणेवर या, मग डावं-उजवं करा. भर उन्हात स्क्रीन दिसत नाही तेव्हा हे अंदाजाने करावं लागतं. वर तो कॅमेरा बंद करून चालू केला तरी ईव्ही तिथेच राहतो. कापसाचे फोटो काढून झाले, अधिक २/३ तसाच राहिला आणि दुसऱ्या दिवशी हळदीच्या कार्यक्रमात सगळे चेहरे धुऊन निघाले, असं सहज होतं. व्हिडिओसाठी वेगळं लाल बटण दिलंय, ते चुकून दाबलं जातं. त्या जागी ईव्हीचं बटण दिलं असतं तर या कॅमेऱ्याला दहापैकी दोन गुण जास्त दिले असते. उपाय एकच: काम झालं की कॅमेरा बंद करण्याआधी ईव्ही शून्यावर आणायचा. ही सवय लागायला महिना जातो, पण लावून घ्या.

व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवणं) ऑटोवर ठेवू नका, निदान पिकासाठी तरी नाही. सोयाबीनचं पान पिवळं पडलं की कारण पांढऱ्या माशीने पसरवलेला मोझॅक आहे की लोहाची कमतरता, हे ओळखायला रंग लागतो. मोझॅकमध्ये पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे येतात. लोह कमी पडलं तर कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. पान चौकटभर घेतलं की ऑटोला वाटतं उजेडच पिवळा आहे, म्हणून तो निळा रंग घालतो आणि पिवळेपणा कमी दिसतो. तोच फोटो कृषी विज्ञान केंद्रात पाठवला तर समोरच्याचीही फसगत होते. व्हाइट बॅलन्स सूर्याच्या खुणेवर ठेवा, पान उन्हात धरा, अंगाची सावली पडू देऊ नका. झडीच्या दिवसांत ढगाची खूण. छपरीत एलईडी बल्बखाली काम असेल तर पांढरा कोरा कागद चौकटभर धरून कस्टम लावा, अर्धं मिनिट लागतं.

पानाच्या शिरा किंवा बोंडअळी जवळून घ्यायची तर मॅक्रोवर जा आणि झूमला हात लावू नका. वाइडवर, म्हणजे झूम न करता, हा अगदी १ सेंटीमीटरपर्यंत फोकस करतो, पण इतकं जवळ गेलं की लेन्सचीच सावली पडते. ५ ते ७ सेंटीमीटर अंतर बरं. थोडा झूम केला तरी जवळचा फोकस जातो आणि मग फोकसची चौकट पिवळी होऊन अडून बसते. बिघाड समजून त्यासाठी दुकानात जाऊ नका. फक्त एक लक्षात ठेवा: ई-पीक पाहणीसाठी (सातबाऱ्यावर पीक नोंदवायला) या कॅमेऱ्याचा उपयोग नाही. तिथे अ‍ॅपमधूनच, वावरात उभं राहून फोटो घ्यावा लागतो.

आयएसओबद्दल, म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा त्या आकड्याबद्दल, मत बदललं. पहिल्या दोन महिन्यांत वाटायचं की १०० वर खिळवून टाकावा, कारण या सेन्सरचा एकेक पिक्सेल जेमतेम १.२ मायक्रॉनचा आणि ४०० पासूनच पानाच्या बारीक शिरा पुसट व्हायला लागतात. उन्हाळ्यात हे खरं आहे. श्रावणाच्या झडीत टिकलं नाही. संध्याकाळी पाच वाजता, आभाळ भरलेलं असताना १०० वर शटर १/३० सेकंदापर्यंत खाली येतं. हात स्थिर राहिला तरी बैल मान हलवतोच. पोळ्याला तोरणाखालच्या जोड्या घ्यायच्या तर ४०० ठेवा, निदान १/१२५ मिळालं पाहिजे. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. आता उन्हात १००, ढगाळ असेल तर २००, घरात आणि पोळ्याला ४००. ८०० फक्त मोबाइलवर पाठवण्यापुरता. १६०० ला पीक ओळखू येत नाही. तान्हा पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरं दारोदारी फिरतात, तिथे ऑटो आयएसओही चालून जातो, कारण ओसरीतून उन्हात आणि उन्हातून ओसरीत दर दोन मिनिटांनी जावं लागतं.

झूम शक्यतो वाइडलाच ठेवून दोन पावलं पुढे जा. वाइडला लेन्स एफ ३.२ असते, पूर्ण झूमवर एफ ६.९ (आकडा मोठा तितकं भोक लहान). म्हणजे आत येणारा प्रकाश साडेचार पटीने कमी. २०० आयएसओत होणारं काम तिथे ८०० च्या वर जातं. डिजिटल झूम तर बंदच करा, तो फक्त मधला तुकडा कापून मोठा करतो आणि ते घरी मोबाइलवरही करता येतं.

कार्डाची जागा वाचवायला मेगापिक्सेल कमी करू नका. २० मेगापिक्सेलचा एक फोटो साधारण ५ ते ८ एमबीचा, १६ जीबीच्या कार्डात दोन हजारांच्या पुढे बसतात. पैसे वाचवायचे तर ते नवीन मोठं कार्ड न घेऊन वाचवा. मात्र प्रमाण ४:३ च्या जागी ३:२ लावा. सेन्सर ४:३ आणि स्टुडिओतली ६ बाय ४ ची प्रिंट ३:२, म्हणून प्रिंट काढताना वरची-खालची मिळून ११ टक्के उंची कापली जाते. त्यात फेट्याचा तुरा किंवा पायातल्या वहाणा जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जातो.

फ्लॅश कायम बंद, दोनच वेळा चालू. एक म्हणजे दुपारी फेट्याखाली किंवा डोईवरच्या पदराखाली चेहरा काळा पडतो तेव्हा, दीड-दोन मीटरच्या आतून. दुसरं, रात्री लाइन नसताना. मळणी यंत्राजवळ आणि जिनिंगमध्ये अजिबात नको. या कॅमेऱ्यांत फ्लॅश लेन्सला चिकटून असतो, त्यामुळे हवेतला भुसा आणि कापसाचे तंतू उजळून फोटोभर पांढरे गोल ठिपके येतात. पावसाच्या थेंबांचंही तेच होतं. लेन्स खराब झाली समजून कोणी पुसत बसू नये.

गडद रंगांचा पर्याय सुरुवातीला छान वाटला, दिवाळीपर्यंत चालूही होता. संत्र्यांच्या ढिगावर तो फसला. सालीवरचे बारीक छिद्रांचे ठिपके जाऊन भगवा गोळा उरला. फाल्गुनात पळसाच्या फुलांनाही तेच झालं. बंद केला, परत लावला नाही.

आता ज्यासाठी पैसे गेले ते. लेन्सची नळी एकात एक सरकणारी असते आणि आपली वाळलेली काळी माती पिठासारखी बारीक. ती नळीच्या फटीत जाते, मोटरला जोर लागतो, एक दिवस नळी अर्ध्यावर अडकून स्क्रीनवर लेन्स एरर येतो. फटीत तोंडाने फुंकू नका, थुंकीच्या ओलाव्याने माती चिकटून बसते. रबरी ब्लोअर वापरा, लेन्सचं तोंड जमिनीकडे धरून. फोटो नुसते पाहायचे असतील तर पॉवरचं नाही, प्लेचं बटण दाबून ठेवा, लेन्स बाहेर येत नाही. लेन्स आत जाण्याची वेळ मेन्यूत १ मिनिट असते, ती शून्य सेकंद करा. वखर चालू असलेल्या वावरात धुऱ्यावर (बांधावर) वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभं राहा.

उन्हाळ्याबद्दल एवढंच. या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत चालण्याचं तापमान ० ते ४० अंश लिहिलंय आणि चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, ओल्या दुपट्ट्यात गुंडाळूनही नको, कापडी पिशवीत सावलीला ठेवा. तापलेल्या सेन्सरवर १०० आयएसओलाही काळ्या भागात दाणे येतात.

दुरुस्तीला देताना बॅटरी आणि कार्ड काढून घ्या आणि सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. परत आल्यावर सगळ्यात आधी तारीख लावा. बॅटरी काढून कॅमेरा काही आठवडे पडून राहिला तर आतलं घड्याळ थांबतं, आणि मग गारपिटीचे फोटो भलत्याच वर्षाच्या तारखेने साठतात.