एक अक्षर, २,४०० रुपये आणि कार्डाविना २३ दिवस: एडिटिंगच्या मशीनचा आठ महिन्यांचा अनुभव

मशीन परवा परत धड सुरू झालं. तसं मशीनला काही झालंच नव्हतं. फक्त ग्राफिक्स कार्ड २३ दिवस सर्व्हिस सेंटरला मुक्कामी होतं. पण दुसरं कार्ड आणेपर्यंत बाकीचा सगळा डबा टेबलाखाली नुसते पंखे फिरवत बसला, कारण प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ आहे, म्हणजे त्याला स्वतःचं ग्राफिक्स नाही. आठ महिन्यांचा अनुभव लिहायचं कधीचं डोक्यात होतं. राग ताजा आहे तोवर लिहून टाकतो.

मशीन असं: इंटेलचा आय५-१२४००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, १६-१६च्या दोन काड्या म्हणजे ३२ जीबी डीडीआर४ रॅम, एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड (६ जीबीवालं), १ टीबीची एनव्हीएमई डिस्क आणि ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा. मॉनिटर, यूपीएस आणि २ टीबीची हार्ड डिस्क जुनीच. सप्टेंबरमध्ये पुण्याच्या तपकीर गल्लीतून पक्क्या बिलासकट ५३ हजार. काम म्हणाल तर मुंजी, साठीशांत, डोहाळजेवण आणि अधूनमधून एखादं अरंगेत्रम. दोन-तीन कॅमेरे, शेवटी वीस-पंचवीस मिनिटांची फिल्म. एडिटिंगला प्रीमियर हे सॉफ्टवेअर वापरतो. हौस म्हणून नव्हे, ज्यांच्याकडून काम येतं ते प्रीमियरचाच प्रोजेक्ट मागतात म्हणून.

खरेदीच्या दिवशी दुकानदाराने दोन खोकी काउंटरवर ठेवली. १२४०० आणि १२४००एफ. दोन्हीत सहा कोर, बारा थ्रेड, वेगही तोच. एफमध्ये आतलं ग्राफिक्स बंद केलेलं, एवढाच फरक. भावात फरक २,४०० रुपयांचा. “सर, कार्ड टाकतोयच ना आपण? मग आतलं कशाला पोसायचं?” पोसायचं म्हटल्यावर मी विरघळलो. त्या पैशांत रॅमची दुसरी काडी जवळजवळ निघत होती, आणि नंतर रॅमचे भाव जे चढले ते बघता काडी तेव्हा घेतली हे बरंच झालं. म्हणजे निर्णय अगदीच अडाणी नव्हता. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे मी त्याला बऱ्याच शिव्या घालणार आहे.

पहिले दोन-तीन महिने तक्रारीला जागा नव्हती. ३०५०चं ६ जीबीवालं कार्ड ७० वॅटवर चालतं, त्याला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागत नाही. त्यामुळे माझ्या जुन्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर सगळं निभावतं. आमच्याकडे गुरुवारी लाइट गेली तरी सेव्ह करून नीट बंद करायला वेळ मिळतो. आधीच्या लॅपटॉपवर २० मिनिटांची फिल्म एक्सपोर्टला लावून मी जेवून, भांडी घासून यायचो. आता चहा होईपर्यंत काम उरकतं. मोबाइलवरचे क्लिप आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेटला (दर सेकंदाला ठरावीक चित्रं) काढून घ्या. नाहीतर मंगलाष्टकं संपेपर्यंत ओठ आणि आवाज यांची फारकत झालेली असते. पण तो दोष मोबाइलचा, मशीनचा नाही.

मग डिसेंबरमध्ये आतेभावाने नवा सोनी कॅमेरा घेतला आणि एका साठीशांतीचं शूटिंग १० बिट ४:२:२, एचईव्हीसीत (रंगाची जास्त माहिती ठेवणारा, पण घट्ट दाबलेला व्हिडिओ) करून दिलं. टाइमलाइनवर टाकलं आणि गुरुजींचा हात होमाकडे तीन टप्प्यांत गेला. टास्क मॅनेजर उघडला. जीपीयूच्या, म्हणजे कार्डाच्या पानावर व्हिडिओ डिकोडचा (दाबलेला व्हिडिओ उलगडण्याचा) आलेख जमिनीला चिकटलेला, प्रोसेसर शंभर टक्क्यांवर. सतरा हजारांचं कार्ड हातावर हात ठेवून बसलेलं.

कारण शोधलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. एनव्हिडियाच्या कार्डांना ४:२:२ हार्डवेअरवर उलगडता येतं ते ५० मालिकेपासून, म्हणजे २०२५पासून. ३०५०ला ते येतच नाही. आणि इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सला एचईव्हीसीतलं हेच काम ११व्या पिढीपासून येतं. म्हणजे २,४०० रुपये जास्त मोजून जे बिनएफचं खोकं मिळत होतं, त्यातल्या ज्या भागाला ‘पोसायचं’ नव्हतं, नेमका तोच भाग हे काम करतो. मोठं कार्ड बसवलेलं असलं तरी प्रीमियर आतल्या ग्राफिक्सकडून डिकोडिंग करून घेतो, फक्त बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) ते चालू ठेवावं लागतं. कार्ड आहे म्हणून आतलं नको, हा हिशोब गेमिंगवाल्यांचा. एडिटिंगला तो लागू नाही. (एएमडीचे रायझन प्रोसेसर वापरणाऱ्यांनी हसू नये. ५६००मध्ये आतलं ग्राफिक्स नाहीच आणि ७००० मालिकेत जे छोटं दिलंय त्यालाही ४:२:२ झेपत नाही.)

त्या आठवड्यात मी भेटेल त्याला एफबद्दल सांगत होतो. बायको म्हणाली, “अरे, एका अक्षरासाठी किती दिवस?”

जानेवारीत डोकं थंड झालं आणि मतही बदललं. रात्री झोपताना ७२०पीच्या प्रॉक्सी (मूळ क्लिपच्या हलक्या नकला) बनवायला लावायच्या, सकाळी त्यांच्यावर कापाकापी करायची, एक्सपोर्ट मूळ फायलींवरून आपोआप होतं. एकदा सवय लागली की चार कॅमेरेही लोण्यासारखे चालतात. शिवाय आतेभावाला सांगितलं की घरगुती समारंभाला ४:२:० (रंगाची कमी माहिती) पुरे, कार्डाला ते पचतं. आजींच्या साडीचा रंग पुढे कुणी इतका ओढून-ताणून बदलणार नाहीये. तेव्हा हा रिव्ह्यू लिहिला असता तर ‘एफ घ्या, पैसे वाचवा, प्रॉक्सी शिका’ असंच लिहिलं असतं.

मे महिना उजाडला. ऐन मुंजींच्या मोसमात कार्डाचा पंखा आधी खरखरायला लागला आणि एका दुपारी भिक्षावळ लावत असताना पडदा काळा झाला. सगळं काढून पुन्हा बसवलं, रॅमचे पाय खोडरबराने पुसले. काही नाही. बोर्डाला मागे एचडीएमआय आहे, व्हीजीएपण आहे. केबल तिथे लावली. ‘नो सिग्नल’. मला माहीत होतं काय होणार ते, तरी लावली. त्या दोन्ही भोकांना जागं करणारं ग्राफिक्स मी तपकीर गल्लीतल्या काउंटरवर सोडून आलो होतो.

कार्डाला तीन वर्षांची वॉरंटी आहे. ब्रँडचं नाव लिहीत नाही. दुकानदाराने सर्व्हिस सेंटरचा पत्ता हातात दिला आणि विषय संपवला. तिथल्या काउंटरवर मुलाने कार्ड उजेडात धरलं, ब्रॅकेटवरच्या गंजाच्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “गंज म्हणजे फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही.” मी म्हटलं, “अहो, ब्रॅकेट डब्याच्या बाहेरच्या बाजूला असतं. पंखा खरखरतोय त्याचा आणि गंजाचा काय संबंध?” अर्धा तास हेच चाललं. शेवटी मी घरून निघताना काढलेला खरखरीचा व्हिडिओ आवाज मोठा करून लावला. रांगेतल्या सगळ्यांनी मान वळवली, तेव्हा कुठे पावती फाडली. म्हणून सांगतो, खरखर ऐकू आली की आधी व्हिडिओ काढा.

इकडे मुंजीची फिल्म द्यायची तारीख डोक्यावर. तपकीर गल्लीत परत जाऊन जुनं जीटी ७१० कार्ड १,३०० रुपयांना घेतलं, निव्वळ पडद्यावर चित्र दिसावं म्हणून. प्रीमियर उघडताना कुरकुरला. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये सॉफ्टवेअर ओन्ली केलं, म्हणजे सगळा भार प्रोसेसरवर टाकला, आणि प्रॉक्सींवर कापत राहिलो. कट जमतात. डिझॉल्व्ह (एक दृश्य दुसऱ्यात विरघळणं) टाकला की श्वास धरून बसावं लागतं. एक्सपोर्ट रात्रभर. फिल्म चार दिवस उशिरा दिली आणि बटूच्या वडिलांनी न मागता मीच १,००० रुपये कमी घेतले.

परवा कार्ड परत आलं. सिरियल नंबर वेगळा, म्हणजे दुसऱ्याच कुणाचं दुरुस्त केलेलं असणार. चालतंय. पंखा तर पहिल्यापेक्षा शांत आहे, हे नाइलाजाने लिहितोय.

आता हिशोब. वाचवले २,४००. जीटी ७१०चे १,३००, मुंजवाल्यांना सोडलेले १,०००, धायरी ते सर्व्हिस सेंटर तीन फेऱ्यांचं पेट्रोल नि पार्किंग धरून २००. झाले २,५००. शंभर रुपयांनी मी बुडालो. पन्नास हजारांच्या व्यवहारात शंभर रुपये काहीच नाहीत, कळतं मला. तरी आहेत ते आहेत.

साठ हजारांच्या आत एडिटिंगसाठी इंटेलचं मशीन घेणार असाल तर प्रोसेसर बिनएफचा घ्या. पैसे कमी पडले तर कॅबिनेट साधं घ्या, रंगीत लाइट सोडा. वाटल्यास कार्ड तीन महिन्यांनी घ्या, कारण बिनएफवर तोवर कापाकापीचं काम सुरू तरी होतं. मी स्वतः आता एफ विकून साधा १२४०० बसवावा का? भाव काढला. जुन्याचे साडेसहा हजार येतील म्हणे. म्हणजे आणखी घाटा. तूर्त तरी नाही.

कार्ड मिळाल्यावर तपकीर गल्लीत जीटी ७१० परत घेता का विचारलं. दुकानदार म्हणाला सहाशे देईन. नाही दिलं. चकलीच्या रिकाम्या डब्यात, पावतीसकट, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिलंय.