माळ्यावरचे उंदीर: पिंजरा, चाप, औषध की फटी बुजवणं?

माळ्यावर उंदीर झाले की कोल्हापुरात सल्ल्यांची कमी नसते. शेजारी म्हणतात औषधाची वडी टाका, दुकानदार चिकटपट्टी पुढं करतो, पाहुणे ऑनलाइन मशीन मागवायला सांगतात आणि घरातली आजी म्हणते, पिंजरा लावा, गणपतीचं वाहन आहे, मारू नका. स्वयंपाकघरात यातलं बरंच काही चालून जातं. माळ्यावर किंवा छताच्या पोकळीत मात्र हात पोचत नाही, नजर पोचत नाही आणि मेलेला उंदीर सापडत नाही. म्हणून उपाय निवडण्याआधी एकच प्रश्न विचारा: वर चढून रोज बघता येतं का? पुढची सगळी तुलना या उत्तरावर उभी आहे.

वर नक्की कोण आहे?

दिवे मालवल्यावर पळापळ आणि कुरतडणं सुरू होत असेल तर तो बहुतेक काळा घरउंदीर. शेपूट अंगापेक्षा लांब, चढण्यात पटाईत. पाइप, केबलची वायर, छपरावर टेकलेली आंब्याची फांदी, त्याला काहीही पुरतं. लेंड्या साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर लांब. तांदळाच्या दाण्याएवढ्या बारीक दिसल्या तर ती छोटी जात. घूस जमीन पोखरते, ती छतात येत नाही. चिचुंद्री भिंतीच्या कडेनं जमिनीवर पळते आणि झुरळं, किडे खाते. ती उंदराच्या कुळातलीही नाही, तिच्यासाठी माळ्यावर काही लावायची गरज नाही.

आवाज दिवसाउजेडी येत असेल तर खार असू शकते. रात्री माणूस चालल्यासारखी जड पावलं ऐकू आली तर कांडेचोर, म्हणजे उदमांजर, असण्याची शक्यता मोठी. जुन्या कौलारू घरांत ते राहतं. त्याला कायद्याचं संरक्षण आहे, तिथं वनविभागाला कळवायचं, औषध-सापळा काही नाही. आणि वरून फुसफुस ऐकू आली तर गव्हाणी घुबड असेल. त्याला कृपा करून राहू द्या. त्याचं मुख्य खाणंच उंदीर आहे.

खात्री करायची सोपी रीत म्हणजे माळ्यावर वाटेच्या जागी फळी ठेवून तिच्यावर रांगोळीचा पातळ थर पसरायचा. सकाळी पावलं आणि शेपटीची रेघ दिसते, शिवाय ते कुठून येतात तेही कळतं. हे कळल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

पिंजरा आणि चाप

वर जाता येत असेल तर खरी निवड या दोनांतच आहे. पिंजऱ्यात उंदीर जिवंत सापडतो. चापाच्या सापळ्यात स्प्रिंगचा दांडा मानेवर बसतो आणि नीट लावला असेल तर तो जागीच मरतो. दोन्हींत उंदीर तुमच्या हाती लागतो, कुठल्या तरी वाशामागं सडत नाही, आणि किती कमी झाले ते मोजता येतं. औषधात हे कधीच कळत नाही.

घरउंदीर नव्या वस्तूला बिचकतो. काल नसलेली वस्तू आज वाटेत दिसली की काही दिवस तिला वळसा घालून जातो. बहुतेक घरांत पिंजरा इथंच बदनाम होतो: दोन रात्री लावला, काही आलं नाही, दिला टाकून. त्याऐवजी पहिले चार-पाच दिवस पिंजऱ्याचं दार बांधून उघडं ठेवा, चाप न ताणता ठेवा, आणि आत खाणं रोज घाला. खाणं संपायला लागलं की मग एकाच रात्री सगळे सापळे सज्ज करा. सुकं खोबरं, शेंगदाणा, भज्याचा तुकडा, सुकट यांपैकी जे तुमच्याकडचे उंदीर खातात तेच लावायचं. खोबऱ्याचा तुकडा दोऱ्यानं घट्ट बांधला तर तो ओढावाच लागतो आणि चाप सुटतो. नुसता ठेवला तर अलगद उचलून नेतात.

सापळा मधोमध ठेवू नका. उंदीर भिंतीला, तुळईला अंग घासत जातो, तिथं काळपट तेलकट पट्टा उमटलेला दिसतो. चाप त्या वाटेला काटकोनात, खाण्याची बाजू भिंतीकडं करून ठेवायचा आणि तारेनं वाशाला बांधायचा, नाहीतर अर्धवट सापडलेला उंदीर चापासकट आत घुसतो. एका चापानं काम होत नाही, पाच-सहा एकदम लावावे लागतात. मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच ते आठ पिल्लं होतात आणि ती पिल्लं तीनेक महिन्यांत स्वतः वितात. आठवड्याला एक उंदीर पकडत बसलात तर वर तेवढेच पुन्हा तयार होतात.

आता पिंजरा की चाप? घरात लहान मुलं किंवा मांजर माळ्यापर्यंत पोचत असेल, किंवा मारायचंच नाही असा नेम असेल, तर पिंजरा. पण पिंजऱ्यातल्या उंदराचं काय करायचं हे आधी ठरवा. बरेच लोक गाडीवरून नेऊन कुणाच्या तरी उसात सोडतात. त्यानं आपला त्रास दुसऱ्याच्या दारात जातो, आणि अनोळखी जागी सोडलेला उंदीर फार दिवस जगतोच असंही नाही. पिंजरा भरलेला तसाच दिवसभर उन्हात ठेवणं किंवा बादलीत बुडवणं यापेक्षा चापाचा मृत्यू कमी यातनेचा आहे. मारायचंच असेल तर चाप.

चिकटपट्टीबद्दल थोडक्यात: घेऊ नका. उंदीर तासन्‌तास जिवंत चिकटून राहतो, ओरडतो, कातडी फाडून घेतो. छताच्या पोकळीत धूळ बसून गोंद लवकर निकामी होतो आणि पाल, चिमण्या, खारही त्यावर अडकतात. भारतीय प्राणी कल्याण मंडळानं या पट्ट्यांविरुद्ध सूचना काढल्या आहेत, काही राज्यांनी त्यांवर बंदीही घातली आहे.

औषध

दुकानात मिळणारी रंगीत वडी बहुतेक ब्रोमाडिओलोनची असते, ०.००५ टक्के. ती रक्त गोठू देत नाही. उंदीर एकदा पुरेसं खाऊन गेला तरी लगेच मरत नाही, चार-पाच दिवसांनी आतल्या रक्तस्रावानं मरतो. त्यामुळं बाकीच्यांना वडीचा संशय येत नाही, आणि उघड्या गोदामात किंवा परसात तिचा उपयोग होतो तो यासाठीच.

पण दुकानात हमखास सांगितलं जातं की हे खाल्लं की उंदीर पाणी प्यायला बाहेर जातो आणि बाहेरच मरतो. हे खरं नाही. अशक्त झालेला उंदीर बिळात, घरट्यात जातो, आणि त्याचं घरटं तुमच्या छतात आहे. पावसाळ्यातल्या दमट हवेत एक उंदीर सडायला लागला की आठवडा-दोन आठवडे त्या खोलीत बसवत नाही. माश्या होतात, वरून अळ्या पडतात. पीओपीचं छत असेल तर तो काढायला छत फोडावं लागतं. शिवाय औषध खाऊन मंदावलेला उंदीर मांजरानं किंवा घुबडानं खाल्ला तर विष त्यांच्यातही जातं. ज्या छतात रोज हात पोचत नाही, तिथं वडी टाकणं ही मला सगळ्यात चुकीची निवड वाटते, आणि नेमकी तिथंच ती सगळ्यात जास्त टाकली जाते.

झिंक फॉस्फाइडची काळी पूड काही तासांत मारते, कारण पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन फॉस्फिन वायू तयार होतो. उंदरानं थोडं खाल्लं आणि वाचला तर तो पुन्हा त्याला तोंड लावत नाही. माणसाच्या पोटात गेलं तर उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नये. तिनं यकृत निकामी होतं, तिलाही उतारा नाही.

आणि एक गोष्ट करवीर, पन्हाळा, कागलच्या शेतकरी घरांसाठी मुद्दाम: धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या माळ्यावर कधीही टाकू नका. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन सुटतो, तो हवेपेक्षा किंचित जड असतो आणि फळ्यांच्या फटीतून खाली झोपलेल्या माणसांपर्यंत येतो. या वायूनं घरंच्या घरं दगावलेली आहेत.

ब्रोमाडिओलोन चुकून कुणा मुलाच्या पोटात गेलं तर उलटी करवत बसू नका. पाकीट सोबत घेऊन कोल्हापुरातलं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळचा मोठा दवाखाना गाठा. त्यावर व्हिटॅमिन के१ हा उतारा आहे, पण त्रास काही दिवसांनी दिसतो म्हणून वाट पाहायची नाही.

मशीन, डांबरगोळ्या, मांजर

अल्ट्रासाउंड मशीनचा आवाज भिंत, फळी, पोती यांतून पलीकडं जात नाही आणि उंदीर त्याला लवकर सरावतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ साली अशा यंत्रांच्या ६०हून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना पुराव्याशिवाय दावे करू नका अशी ताकीद दिली होती. डांबरगोळ्यांच्या वासानं माणसालाच त्रास जास्त, लहान बाळ असेल तर टाळाच. मांजर खालच्या मजल्यावर वचक ठेवतं, पण वाशांमधल्या पोकळीत शिरून कुटुंबच्या कुटुंब संपवत नाही.

फटी बुजवणं

वरचे उपाय आहेत ते उंदीर कमी करतात. पुढचे येणं थांबतं ते फक्त यानं. आणि आपल्याकडं पुढचे येणारच असतात. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की नदीकाठची, ओढ्या-नाल्यांची बिळं भरतात आणि तिथले उंदीर उंच, कोरड्या जागी सरकतात. ऊसतोड सुरू झाली की शेताकडेच्या वस्त्यांत तोच प्रकार. लक्ष्मीपुरीसारख्या धान्याच्या बाजाराशेजारी तर बारमाही.

घरउंदराला साधारण १२ मिलिमीटरची फट पुरते, छोट्या जातीला त्याच्या निम्मी. पेन्सिल आत जाते ती फट उघडी समजा. कौलारू घरात बघायच्या जागा म्हणजे वळचणीला कौल आणि भिंत यांच्यामधली सांद, आढ्यावरच्या कौलांखालचा उडालेला गिलावा, सरकलेली कौलं आणि वासा भिंतीत शिरतो तिथली पोकळी. पत्र्याच्या घरात पत्र्याच्या नागमोडी टोकाखाली ओळीनं भोकं असतात. स्लॅबच्या घरात एसीचा पाइप, डिशची वायर, ड्रेनेजचा पाइप जिथून आत येतो ती जागा.

सामान साधं आहे. पाव इंची वेल्डमेश जाळी, सिमेंट, तारेची घासणी, पत्र्याच्या पट्ट्या. डासांची प्लास्टिक जाळी आणि नुसता फोम एका रात्रीत कुरतडला जातो. फोम मारायचाच असेल तर आत तारेची घासणी कोंबून. वळचण मात्र सिमेंटनं गच्च बंद करू नका, जाळीच मारा. हवा खेळली नाही तर आपल्या पावसात वासे कुजतात. छपराला टेकलेल्या फांद्या निदान चार-पाच फूट मागं छाटा.

क्रम चुकला तर सगळं बिघडतं. आत उंदीर असताना सगळ्या वाटा बंद केल्या तर ते आत मरतात किंवा खोलीत उतरतात. म्हणून मुख्य वाट सोडून बाकीच्या आधी बुजवा, त्या वाटेवर सापळे लावा, आणि रांगोळीवर पावलं उमटणं थांबलं की शेवटच्या भोकात कागदाचा बोळा कोंबून चार दिवस बघा. बोळा हलला नाही तर तिथं जाळी आणि सिमेंट. माळ्यावरची शेंगांची, भाताची पोती खाली आणून पत्र्याच्या पिंपात भरणं याच काळात उरकावं, नाहीतर तुमच्या खोबऱ्याकडं कोण बघणार?

तुमच्या घरासाठी काय?

शिवाजी पेठ, गंगावेशसारख्या भागातला लाकडी पाटणीचा वाडा असेल आणि माळ्यावर जाता येत असेल, तर चाप आणि जाळी, औषध अजिबात नको. इथं अडचण वेगळी असते: भिंत सामाईक, छपरं एकमेकांना लागून. एकट्यानं जाळी मारली तर उंदीर शेजारच्या माळ्यावरून वाशांच्या वाटेनं परत येतात. दोन्ही-तिन्ही घरांनी एकाच आठवड्यात काम काढलं तर खर्चही वाटला जातो.

पीओपी किंवा जिप्समचं छत असेल तर सुतार किंवा पीओपीवाल्याकडून कोपऱ्यात दीड-दोन फुटांचं झाकण करून घ्या. हा खर्च वाया जात नाही. वायरमनलाही तेच झाकण लागतं, आणि वायरी कुरतडलेल्या असतील तर ते आधी कळायला हवंच. आत हात घालण्यापूर्वी मेन स्विच बंद. झाकण करणं शक्यच नसेल, तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, पण त्याला आधी विचारा: फटी शोधून बुजवणार का, की नुसती वडी टाकून जाणार? दुसरं उत्तर मिळालं तर पैसे देऊ नका. औषध वापरायचंच झालं तर ते घराबाहेर, जमिनीलगत, कुलूपबंद डब्यात ठेवायला सांगा.

भाड्याचं घर असेल तर सापळे तुम्ही लावा, जाळीचं मालकाशी बोला.

उंदीर गेल्यावर माळा कोरडा झाडू नका. लेंड्या आणि मुतानं माखलेली धूळ नाकात जाते, आणि लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मुतातूनच पसरतो, हाताला कापलं असेल तर जखमेतूनही शिरतो. हातमोजे आणि मास्क घालून, एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी शिंपडून दहा मिनिटांनी ओल्या फडक्यानं पुसा.

जाळीच्या कामाला सगळ्यात योग्य वेळ मे महिना, शाकारणीची. कौलं तशीही उतरलेली असतात, माणूस तसाही वर चढलेला असतो. त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: वळचणीला आधी जाळी, मग कौल.