माती प्रदूषण तपासणीसाठी डायरेक्ट पुश ड्रिलिंग सर्व्हिस : ५ पैकी ४

आधीच सांगतो, काम आवडलं. एक स्टार का कापला तेही खाली लिहिलंय.

जमिनीखाली जुन्या इंधन टाक्या होत्या अशा जागेचं काम होतं, पेट्रोल-डिझेल मुरून माती किती खोलवर खराब झालीय ते बघायचं होतं. अशा कामाला पाण्यासाठी बोअर मारणारी एअर रोटरीची गाडी बोलवू नका, कळकळीने सांगतोय. हवेच्या दाबाने भुगा वर येतो, त्यात कुठली माती कुठल्या खोलीची ते नक्की कळत नाही आणि बेंझिनसारखी उडून जाणारी केमिकल्स त्या हवेबरोबरच निघून जातात, मग लॅबचा रिपोर्ट स्वच्छ येतो आणि खालची माती आहे तशीच खराब राहते.

डायरेक्ट पुशमध्ये फिरवून खोदत नाहीत, गाडीचं वजन आणि हायड्रॉलिक हातोडा ह्यांच्या जोरावर पोकळ स्टीलचा पाइप आत ठोकत नेतात. पाइपच्या आत पारदर्शक प्लास्टिकचा लायनर असतो, साधारण सव्वा ते दीड मीटर लांब, त्यात मातीचा सलग कोअर येतो. लायनर उभा चिरला की वाळू कुठे संपली, चिकणमाती कुठे सुरू झाली, काळपट डाग कुठे आहे, सगळं डोळ्यांसमोर. शिवाय भुगा जवळजवळ निघतच नाही, त्यामुळे खराब माती ड्रममध्ये भरून तिची विल्हेवाट लावायचं काम बरंच वाचतं.

ह्या टीमने ड्युअल ट्यूब वापरली हे मला फार पटलं. बाहेरचा पाइप जमिनीतच राहतो आणि फक्त आतला लायनर वर येतो, म्हणून वरची तेलकट माती भोकात ढासळून खालच्या नमुन्यात मिसळत नाही. एकच पाइप दरवेळी बाहेर काढून परत त्याच भोकात घातला की ढिल्या वाळूत हमखास हा घोळ होतो, आणि मग प्रदूषण खरंच तेवढं खोल गेलंय की आपणच खाली नेलं हे कोणी सांगू शकत नाही.

सुरुवात करायच्या आधी केबल आणि पाइपलाइनचे नकाशे मागितले, तरी वरचा दीडेक मीटर हातानेच खोदला. घाई नाही केली, बरं वाटलं.

धुण्याबद्दल तर पूर्ण मार्क. पाइपच्या टोकाचं माती कापणारं कटिंग शू दर नमुन्यानंतर ब्रशने, फॉस्फेट नसलेल्या साबणाने, मग साध्या पाण्याने आणि शेवटी डिआयोनाइज्ड पाण्याने. ग्लोव्हज प्रत्येक नमुन्याला नवे. रॉडच्या आट्यांना पेट्रोलियम ग्रीस अजिबात लावलं नाही, कारण आपण हायड्रोकार्बन शोधतोय आणि ग्रीसमध्ये तेच असतं. धुतलेल्या शूवरून शुद्ध पाणी सोडून ते बाटलीत भरून लॅबला पाठवलं, इक्विपमेंट ब्लँक म्हणतात त्याला, म्हणजे धुणं नीट झालं की नाही ते लॅबच सांगते.

नमुना घेतानाही हात चपळ. कोअर उघडल्या उघडल्या पीआयडी (उडून जाणाऱ्या केमिकल्सची वाफ मोजणारं हातातलं यंत्र) फिरवला, जिथे आकडा चढला तिथूनच छोट्या सिरिंजसारख्या सॅम्पलरने साधारण ५ ग्रॅम माती काढून थेट मिथेनॉलच्या बाटलीत. माती वाडग्यात कालवून मग बाटलीत भरणं धातूंच्या तपासणीला चालतं, बेंझिनला नाही, कालवताना ते उडून जातं. बाटल्या लगेच बर्फात, चेन ऑफ कस्टडीचा, म्हणजे नमुना कोणाकडून कोणाकडे गेला त्याच्या नोंदीचा, फॉर्म तिथेच भरला.

आता तो एक स्टार. पाइप दीड मीटर खाली गेला आणि लायनरमध्ये माती आली एक मीटरच्या आसपास, असं होतं, मऊ माती दबते, सैल वाळू निसटते, त्यात कोणाचा दोष नाही. पण ह्यांनी लॉगमध्ये (बोअरच्या नोंदवहीत) पूर्ण दीड मीटर भरल्यासारखं लिहिलं, रिकव्हरी किती, म्हणजे प्रत्यक्षात माती किती आली, ते कुठेच नाही! मग जो नमुना आपण अमुक खोलीचा म्हणतोय तो खरं तर अर्धा मीटर वरखाली असू शकतो, आणि माती किती खोल उचलायची ते ह्याच आकड्यावर ठरतं. मी सांगितल्यावर लिहायला लागले, पण आधीच्या बोअरचं काय, ते फोटो बघून दुरुस्त करत बसावं लागलं.

बोअर बंद करायचं काम मात्र नमुनेदार. सिमेंट आणि बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) ह्यांचं पातळ मिश्रण, म्हणजे ग्राउट, पाइपने तळापासून वर भरत आणलं. वरून नुसती माती लोटली असती तर तेच भोक पावसाच्या पाण्याला भूजलापर्यंत जायचा रस्ता झालं असतं. तुमच्या साइटवर ट्रायक्लोरोइथिलीनसारखं पाण्यापेक्षा जड सॉल्व्हंट असेल तर अजून जपा, ते चिकणमातीच्या थरावर साचून बसतं आणि तो थर विचार न करता भेदला की सरळ खालच्या पाण्यात उतरतं.

दगडगोटे किंवा खडक असेल तर ही पद्धत तिथेच अडते, मग कंपनांच्या जोरावर खोदणारी सोनिक रिग लागेल. जमिनीची ताकदही मोजायची असेल तर हॉलो स्टेम ऑगर (पोकळ दांड्याचा स्क्रूसारखा ड्रिल) आणि स्प्लिट स्पून (उभा दोन भागांत उघडणारा नमुन्याचा पाइप) बघा, ६३.५ किलोचा हातोडा ७६ सेंटीमीटरवरून सोडून ठोके मोजतात ती टेस्ट, पण त्यात खराब माती भरपूर वर येते.

पुढच्या कामाला ह्यांनाच बोलावणार, फक्त रिकव्हरीचा वेगळा रकाना असलेली लॉगशीट आधीच हातात देणार.