साखळी अभिक्रियेचा सापळे-संच: जरूर घ्या, सोबत एक टॉवेल ठेवा

बोईसरजवळच्या शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरचं कोणी ना कोणी तारापूरच्या अणुवीज प्रकल्पावर कामाला जातं. या मुलांना केंद्रकीय विखंडन, म्हणजे अणूचं केंद्रक फुटणं, नुसतं फळ्यावर शिकवणं मनाला पटत नव्हतं, म्हणून 3,400 रुपये खर्चून हा संच मागवला.

संचात उंदराचे 48 लाकडी सापळे, टेबल टेनिसचे 100 चेंडू आणि ॲक्रिलिकची पेटी येते. प्रत्येक ताणलेल्या सापळ्यावर दोन चेंडू ठेवायचे आणि झाकणाच्या भोकातून एक चेंडू आत सोडायचा. पेटी फारच छान आहे, कडासुद्धा घासून गुळगुळीत केल्यात. सहा सापळ्यांचे खटके मात्र इतके हलके निघाले की पेटीला धक्का लागला तरी सुटायचे. ते बाजूला काढले. उरलेले 42 मांडायला दोघांना पाऊण तास लागतो, आणि मध्येच एक सुटला की सगळी मांडणी पुन्हा पहिल्यापासून. जाड हातमोजे घाला, बोटं सांभाळा.

चेंडू सोडला आणि दोन-तीन सेकंदांत पेटीभर पांढरा कल्लोळ. माहितीपत्रक इथेच संपतं. त्यात चेंडूला ‘अणू’ म्हटलंय, ते चूक आहे. सापळा म्हणजे युरेनियमचं केंद्रक आणि चेंडू म्हणजे न्यूट्रॉन. इथे दोन चेंडू उडतात. खऱ्या युरेनियम-235 च्या विखंडनात सरासरी अडीचच्या आसपास न्यूट्रॉन सुटतात.

मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, मग आपलं तारापूर का नाही उडत?” या एका प्रश्नासाठी पैसे वसूल झाले.

दुसऱ्या दिवशी निम्मेच सापळे लांब लांब मांडले. चार सुटले आणि सगळं शांत. निसर्गातल्या युरेनियममध्ये सहज फुटणारं युरेनियम-235 असंच विरळ, जेमतेम 0.7 टक्के असतं, हे मुलांना तेव्हा नीट समजलं. तिसऱ्यांदा पुन्हा दाट मांडणी केली, पण टॉवेलच्या पट्ट्या कापून ओळींमध्ये अंथरल्या. चेंडू पट्टीवर पडला की तिथेच बसायचा. शिकागोत 2 डिसेंबर 1942 रोजी भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली अणुभट्टी चालवली, तेव्हा लाकडी पट्ट्यांवर ठोकलेले कॅडमियमचे पत्रे हेच काम करत होते, न्यूट्रॉन गिळण्याचं. दर विखंडनातून सरासरी एकच न्यूट्रॉन पुढचं विखंडन घडवेल इतकं राखलं की अणुभट्टी एकसारखी चालते. हे सांगितल्यावर ज्या मुलीचे बाबा तिथे पाळीला जातात, ती उठून पट्ट्या स्वतः सरकवून बघू लागली.

एक गोष्ट हा संच दाखवू शकत नाही आणि शिक्षकांनी ती आवर्जून सांगावी. चेंडू हळू आला तर सापळा सुटत नाही. युरेनियम-235 चं नेमकं उलट आहे, मंद न्यूट्रॉन त्याला जास्त सहज फोडतात. म्हणून न्यूट्रॉनचा वेग कमी करायला शिकागोत ग्राफाइट होतं, तर तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांत साधं पाणी आणि तिसरी-चौथीत जड पाणी (ज्यातला हायड्रोजन जड प्रकारचा असतो) वापरलंय.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो सहा खटक्यांसाठी आणि त्या माहितीपत्रकासाठी.