नवी गाडी: जपून चालवायची की पिळायची?

पाडव्याला नवी बाइक दारात आली, चाकाखाली लिंबू चिरडलं, पेढे वाटून झाले की सल्ले सुरू. काका म्हणतात, "पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही." ऑफिसातला मित्र म्हणतो, "पहिल्या दिवसापासून पीळ, नाहीतर जन्मभर आळशी राहील." माझ्या मते काकांचं जुनं झालंय आणि मित्राचं अर्धवट आहे.

चाळीसचा नियम जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या जमान्यातला. तिथे ऑइल पेट्रोलबरोबरच आत जाऊन जळायचं. पिस्टन तापून फुगला आणि ऑइल अपुरं पडलं की तो स्लीव्हमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीत, जागीच अडकून बसायचा. वडिलांच्या गाडीचं बोअरचं काम (सिलिंडर आतून कोरून नवा पिस्टन बसवणं) नुकतंच झालेलं असताना मी ती कात्रजच्या चढाला ताणली होती. मागचं चाक एकदम जाम, रस्त्यावर हातभर काळा पट्टा. क्लच दाबायचं सुचलं म्हणून पडलो नाही. ब्लॉक उघडल्यावर पिस्टनवर मांजरीने बोचकारल्यासारखे उभे ओरखडे! त्या इंजिनांसाठी काकांचं बरोबरच होतं. आजच्या फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल पंपाने सतत फिरत असतं, त्यामुळे तो धोका पुष्कळ कमी झालाय.

मित्राच्या बाजूने बोलायचं तर मुद्दा रिंगांचा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या धातूच्या कड्यांचा. नव्या सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे मुद्दाम घासून पाडलेल्या, बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा असतात. त्यांचे उंचवटे आणि रिंगची कड घासून एकमेकांना जुळली की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, नीट धरतं. रिंगला भिंतीवर दाबण्याचं मुख्य काम तिच्यामागे शिरलेल्या जळत्या गॅसचं. थ्रॉटल जेमतेमच उघडत राहिलात तर तो दाबच मिळत नाही. मग भिंतीवर ऑइल भाजून गुळगुळीत थर धरतो आणि गाडी ऑइल खायला लागते. म्हणजे फार लाड केले तरी नुकसान होतंच.

पण रिंगा म्हणजे अख्खं इंजिन नव्हे. गिअरचे दाते, बेअरिंग, क्लच प्लेट हेही नवेच असतात. इंजिनाबाहेर नवा टायर निसरडा असतो, ब्रेक पॅड डिस्कवर बसलेले नसतात. सकाळी थंड गाडी स्टार्ट करून लगेच रेडलाइनला, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला, नेणं तर निव्वळ मूर्खपणा. शिवाय मॅन्युअलमध्ये लिहिलेली मर्यादा मोडून वॉरंटीवरून भांडायला कोणत्या तोंडाने जाणार?

रोज ट्रॅफिकमधून ऑफिस गाठणार असाल तर वेगाची चिंता सोडा, गिअरकडे बघा. चौथ्या गिअरमध्ये पंचवीसने गाडी घुसमटत ढकलणं हे तिसऱ्यात चाळीसने जाण्यापेक्षा वाईट. लोक मायलेजच्या नादात नेमकं हेच करतात. हायवेवाल्यांची चूक वेगळीच. तासभर एकाच आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांवर) हात धरून बसायचं नाही, वेग कमी-जास्त करत राहायचं.

मी स्वतः काकांची मर्यादा नाही, मॅन्युअलची पाळतो. मात्र त्या मर्यादेच्या आत गाडी मोकळेपणाने चालवतो. रविवारी सकाळी इंजिन गरम झाल्यावर दिवेघाटातून सासवडला जाऊन यायचं. चढाला योग्य गिअरमध्ये थ्रॉटल चांगला उघडायचा, परतताना उतारावर गिअरमध्येच सोडून द्यायचा. दाब आणि ढील दोन्ही मिळतं. हायवेवर शंभर किलोमीटर सरळ जाण्यापेक्षा मला हे पटतं.

पहिलं ऑइल मात्र वेळेवर बदला. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि दिवस दोन्ही दिलेले असतात, जे आधी येईल ते धरायचं. सर्व्हिसला स्वतः उभे राहा आणि ऑइल काढलेला ट्रे उन्हात धरून बघा. रांगोळीत मिसळतात तशी बारीक चमकी तरंगताना दिसते. नव्या इंजिनाचं घासलेलं धातूचं पीठ असतं ते. पहिल्या खेपेला एवढी चमकी दिसली तर घाबरू नका. बोटांना टोचणारे तुकडे निघाले, तर मात्र गाडी तिथेच ठेवा आणि सुपरवायझरला बोलवा.